सीनेचा पूर, सोलापूरचे मिस्त्री आणि दाजींची गाडी

सोलापूर म्हटले की कोणाला चादर आठवते, कोणाला शेंगांची चटणी आणि कडक भाकरी. आम्हाला आधी आठवतात ती घरोघरी भरून ठेवलेली पाण्याची पिंपे. आमची थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणतो, लग्न होऊन सोलापूरला गेली तेव्हापासून आमचे तिकडे जाणे-येणे आहे. चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येणार, म्हणून न्हाणीत, ओट्याखाली, जिन्यात, जिथे जागा मिळेल तिथे पिंप, हंडा, घागर. पाहुण्याने तांब्याभर पाणी जास्त सांडले तरी घरातली म्हातारी माणसे डोळे वटारायची. वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारा हा मुलूख. इथल्या माणसाला दुष्काळ कसा काढायचा हे शिकवावे लागत नाही. पूर आला तर काय करायचे, हे मात्र त्याला कोणी शिकवलेले नाही.

तो पूर सप्टेंबर २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात आला. सीना नदी अहिल्यानगरकडून निघते, करमाळा, माढा, मोहोळ असे तालुके करीत खाली येते आणि दक्षिण सोलापूर तालुक्यात हत्तरसंग-कुडल येथे भीमेला मिळते. एरवी उन्हाळ्यात तिच्या पात्रातून गुरे चालत जातात. त्या आठवड्यात मात्र वर मुसळधार पाऊस झाला, धरणांतून पाणी सोडावे लागले आणि सीना गावांत शिरली. पुणे रस्ता लांबोटीजवळ आणि विजापूर रस्ता हत्तूर-वडकबाळच्या बाजूला बंद ठेवावा लागला. सोलापूर शहराची दोन्ही दारे एका नदीने अडवली, असेच म्हणावे लागेल.

आमचे दाजी पूर्वी सोलापुरात गिरणी कामगार होते. गिरणी बंद पडली तेव्हा हातात काही नव्हते. शहरातले भाडे परवडेना म्हणून ते अक्काला घेऊन वडकबाळच्या पुलापलीकडे आपल्या मूळ गावी गेले. ज्या हातांनी साचे चालवले त्याच हातांनी टॉवेल-चादरींची गाठोडी उचलून आठवडी बाजार करू लागले. आधी एस.टी.च्या टपावर गाठोडे टाकून, मग सायकलवर. मंद्रूप, वळसंग, मंगळवेढा, असे बाजार ठरलेले. तीन वर्षांपूर्वी भाच्याने धीर करून पतपेढीचे कर्ज काढले आणि एक जुनी मारुती ओम्नी घेतली. तेव्हापासून अक्काही बाजाराला जाऊ लागली. दाजींची पाठ सुटली आणि दिवसाला एकाऐवजी कधी दोन बाजार होऊ लागले. महिन्याचा हप्ता सहा हजार दोनशे रुपये. तो आतापर्यंत एकदाही चुकला नव्हता.

फोनवरचे एकच सांगणे

पाणी ओसरायला लागले त्या दिवशी सकाळी भाच्याचा फोन आला. "मामा, माणसं सगळी शाळेत होतो, बरी आहोत. पण गाडीत पाणी गेलंय. सीटपर्यंत. माल पण भिजला. आता ऊन पडलंय, दुपारी चालू करून बघतो."

आम्ही ताडकन म्हणालो, "किल्लीला हात लावू नकोस. गाडी चालू करायची नाही. बॅटरीची वायर काढ आणि तशीच राहू दे."

आम्ही काही मोटारीतले जाणकार नव्हे. आमचे आयुष्य खतावणीत आणि जमा-खर्चात गेले. पण २६ जुलै २००५ चा मुंबईचा पाऊस आमच्या लक्षात आहे. त्या एका दिवसात सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि रस्तोरस्ती गाड्या बुडाल्या. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थाने पाणी उतरताच मोठ्या आशेने किल्ली फिरवली. इंजिनातून एक ठोका आला आणि गाडी बंद पडली ती कायमची. पुराने जे बिघडवले नव्हते ते त्या एका क्षणाच्या घाईने बिघडवले. त्यांची ती हळहळ आम्ही विसरलो नाही.

कारण साधे आहे. इंजिनाच्या नळकांड्यात हवा आणि पेट्रोल जाते, दट्ट्या वर येऊन ते दाबतो आणि ठिणगी पडते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. नळकांड्यात पाणी असताना दट्ट्या जोराने वर आला तर त्याला जागाच मिळत नाही आणि त्याला ढकलणारा दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, वाकतो. दुसरे असे की इंजिनातले तेल लोखंडाला लोखंड घासू देत नाही. त्या तेलात पाणी मिसळले की ते राखण सुटते.

रस्ता सुरू झाल्याचे कळले त्या शनिवारी आम्ही आणि आमच्या सहचारिणी पुण्याहून निघालो. सोबत वस्तीतल्या मंडळींनी दिलेले कपडे, वह्या आणि औषधे होती. भिगवणजवळ उजनीचा फुगवटा भरलेला दिसला. कुर्डुवाडी, मोहोळ मागे पडले आणि सोलापूरच्या अलीकडे रेल्वेने सीना ओलांडली. डब्यातली माणसे बोलायची थांबली. दोन्ही अंगांना ऊस आडवा झालेला, तारांना कडबा अडकलेला आणि सगळ्यावर एकच मातकट रंग. शेजारी बसलेली एक आजी एवढेच म्हणाली, "पाणी मागून मागून जन्म गेला, आणि आलं तर असं आलं."

चार भाषांचे गॅरेज

गाडी गावातून ट्रॅक्टरने ओढून आणायची होती. भाच्याला आम्ही बजावले होते की गिअर न्यूट्रलमध्ये ठेव आणि वाटेत कोणी कितीही सांगितले तरी धक्का मारून चालू करू नकोस. किल्लीने जे होते तेच धक्क्यानेही होते. ओम्नीची मागची चाके फिरतात, त्यामुळे चुकून गिअर पडला तर इंजिन आपोआप फिरले असते.

आम्ही स्टेशनवरून रिक्षाने गेलो. वाटेत चार हुतात्म्यांचे पुतळे लागतात. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला फाशी दिले गेले. चार घरांची, चार तऱ्हांची माणसे एका कामासाठी एकत्र आली, हे या शहराचे वैशिष्ट्य. ते आम्हाला हैदराबाद रस्त्याकडच्या एका लहानशा गॅरेजमध्येही दिसले. मिस्त्री साठीच्या घरातले. एका हाताखालच्या माणसाशी तेलुगूत बोलत होते, दुसऱ्याशी दखनीत, ट्रॅक्टरवाल्याशी कानडीत आणि आमच्याशी मराठीत. लहानपणी ट्रकच्या गॅरेजमध्ये पाने पुसता पुसता शिकलेले. गॅरेजसमोर आधीच सात-आठ मोटारसायकली आणि दोन रिक्षा पुराच्या चिखलाने माखून उभ्या होत्या.

मिस्त्रींनी गाडीभोवती एक फेरी मारली. चिखलाची रेघ कुठवर आली आहे ते बोटाने पाहिले. ओम्नीचे इंजिन पुढच्या सीटखाली असते. ७९६ सीसीचे, तीन नळकांड्यांचे ते इंजिन. रेघ सीटच्याही वर होती, म्हणजे इंजिन पूर्ण बुडालेले.

"चालू केली होती का?" त्यांनी विचारले.

"नाही," भाचा म्हणाला.

मिस्त्रींनी तेलाची पट्टी बाहेर काढली. तेल वरच्या खुणेच्याही बरेच वर चढले होते. तेल काही वाढत नाही. वाढले म्हणजे खाली दुसरे काहीतरी आले आहे. पाणी तेलापेक्षा जड, त्यामुळे ते तळाशी बसते आणि तेलाला वर उचलते.

मग त्यांनी गाडीखाली एक स्वच्छ पत्र्याचे घमेले सरकवले आणि इंजिनाच्या तळाचा, गॅरेजवाले ज्याला चेंबर म्हणतात त्याचा, नट हळूहळू सैल केला. आम्ही सगळे वाकून पाहत होतो. आधी तेल नाही, पाणी आले. गढूळ, नदीचेच पाणी. ते बराच वेळ वाहिले. त्यानंतर दुधाच्या चहासारखा एक पट्टा आला, आणि मग काळे तेल.

मिस्त्रींनी त्या चहाच्या रंगात बोट बुडवले, अंगठ्यावर घासले आणि भाच्याकडे पाहिले.

"पाणी आणि तेल आपणहून असं एकजीव होत नाही, बाळा. ताक घुसळल्यावरच होतं. गाडी सुरू झालेली नाही, पण सेल्फ मारलाय कोणीतरी. खरं सांग. डॉक्टरला जसं सांगतो तसं सांग, म्हणजे मला कुठं बघायचं ते कळेल."

भाचा खाली मान घालून उभा राहिला. दाजींचा चेहरा उतरला. थोड्या वेळाने भाचा बोलला. पाणी अंगणात शिरले ती रात्र. गाडीत दिवाळीच्या बाजारासाठी आणलेला सगळा माल. त्याला वाटले, गाडी शाळेच्या चढावर नेऊन लावू. तोवर पाणी इंजिनापर्यंत आले होते. अंधारात त्याला ते दिसले नाही. एकदा सेल्फ मारला, कण्हल्यासारखा आवाज आला आणि बंद. मग लोकांनी हाक मारली आणि तो आईला घेऊन शाळेकडे गेला. फोनवर आमचा आवाज ऐकून त्याला सांगायचे धाडस झाले नाही.

त्याच्यावर रागावण्यात काय अर्थ होता? आम्ही पुण्यात कोरड्या घरात बसून 'किल्लीला हात लावू नकोस' म्हणालो. तो कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून कर्जाची गाडी वाचवायला धडपडत होता. आमच्या सहचारिणी त्याच्या पाठीवर हात ठेवून एवढेच म्हणाल्या, "सांगितलंस ते बरं झालं."

सायकलच्या तारेची परीक्षा

आता सगळा प्रश्न एका गोष्टीवर आला. रॉड वाकला आहे की नाही? वाकला असेल तर इंजिन पुरते खोलावे लागणार आणि तो खर्च या घराला झेपणारा नव्हता.

मिस्त्रींनी तिन्ही प्लग काढले. प्रत्येक भोकातून तेलाच्या कुपीने थोडे पातळ तेल आत सोडले आणि अर्धा तास तसेच राहू दिले. "भिजू दे. जोर करायचा नाही," ते म्हणाले. मग पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने फिरवायला सुरुवात केली, घड्याळाला चावी द्यावी तितक्या सावकाश. मधल्या भोकातून चिखलपाण्याची चूळ उडाली आणि मिस्त्रींच्या सदऱ्यावर पडली. ते हसले. "बाहेर आलं ते बरं. आत असतं तर खोड काढली असती."

त्यानंतर त्यांनी सायकलच्या चाकाची एक सरळ तार मागवली. पहिल्या नळकांड्यात ती प्लगच्या भोकातून उभी सोडली आणि पुली फिरवत दट्ट्या अगदी वरच्या टोकाला आणला. तार जिथवर वर आली तिथे नखाने खूण केली. तिन्ही नळकांड्यांत दट्ट्या सारखाच वर आला पाहिजे. एखादा रॉड वाकला असेल तर तो आखूड होतो आणि तिथे तार कमी वर येते. हजारो रुपयांचे यंत्र नाही, सायकलची तार.

पहिली खूण झाली. दुसऱ्या नळकांड्यात, जिथून पाणी उडाले होते तिथे, तार सोडताना दाजींनी डोळे मिटून घेतले. मिस्त्रींनी तार काढून पहिल्या खुणेशी ताडून पाहिली. पुन्हा सोडली, पुन्हा पाहिली. मग तिसऱ्यात. तिन्ही खुणा एकावर एक बसल्या.

"वाचला," ते म्हणाले. "पाणी थोडं होतं, बॅटरी दमलेली होती, सेल्फला जोर नव्हता. अजून एकदा मारला असता तर सांगता येत नव्हतं."

एवढे झाल्यावर आम्हाला वाटले आता तेल घालून गाडी चालू करतील. मिस्त्रींनी मान हलवली. त्यांचे म्हणणे असे की पुराचे पाणी नुसते पाणी नसते, त्यात गाळ असतो. पाणी निघते, गाळ तळाशी राहतो. आणि दुसरी गोष्ट, लोखंड पाण्यात बुडालेले असते तेव्हा जितके गंजत नाही तितके पाणी निघून हवा लागल्यावर गंजते. म्हणून घाईने चालू करायची नाही, पण पंधरा दिवस अंगणात ठेवायचीही नाही. चार-पाच दिवसांत खोलून, धुऊन, तेल लावून ठेवले पाहिजे.

त्या दुपारी चेंबर खाली उतरवले. तळाशी बोटभर गाळ होता, भाताच्या खाचरात असतो तसा मऊ. तेल वर ओढून घेणाऱ्या जाळीवर त्याचा थर बसला होता. तशीच गाडी चालू केली असती तर जाळी तुंबून तेल वर चढले नसते आणि बेअरिंगे काही मिनिटांत जळाली असती. वरचे झाकणही काढले. आत भिंतींना पांढुरका साका चिकटला होता. सगळे डिझेलने धुतले, फडक्याने पुसले, पुन्हा धुतले. आय.टी.आय. झालेला एक तरुण मुलगा हे काम करीत होता. तिसऱ्यांदा फडके काळे निघाले तेव्हा तो म्हणाला, "झालं उस्ताद." मिस्त्री म्हणाले, "फडकं काय म्हणतंय ते बघ." चौथ्यांदा फडके स्वच्छ निघाले तेव्हाच त्यांनी पॅकिंग लावून चेंबर बसवले.

तीन वेळा तेल

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोचलो तेव्हा पेट्रोलची टाकी उतरवलेली होती. पाणी पेट्रोलपेक्षाही जड, तेही टाकीच्या तळाशी बसलेले. हवेची गाळणी भिजून लगदा झाली होती, ती फेकली. सेल्फ आणि डायनामो खोलून वाळवले होते. वायरींचे जोड एकेक करून साफ केले होते. गिअरबॉक्सचे आणि मागच्या हौसिंगचे तेलही दुधाळ निघाले, तेही बदलले. लोक इंजिनाचे तेल बदलतात आणि ही दोन विसरतात. महिन्याभराने तिथून आवाज येऊ लागतो, असे मिस्त्री म्हणाले.

मग नवी तेलगाळणी लावून साधे, स्वस्तातले तेल भरले. प्लग न लावताच सेल्फ थोडा थोडा फिरवला, तेलाचा लाल दिवा विझेपर्यंत. म्हणजे वरपर्यंत तेल पोचले. कॉम्प्रेशन मोजले, तिन्हीकडे जवळपास सारखे. मग प्लग लावले आणि भाच्याला म्हणाले, "आता मार किल्ली."

भाच्याचा हात थरथरत होता. पहिल्या वेळी नुसतीच घरघर झाली. दुसऱ्या वेळी एक खोकला. तिसऱ्या वेळी इंजिन धरले आणि मागच्या नळीतून पांढऱ्या वाफेचा लोट निघाला. अक्का पदराने डोळे पुसत होती. दाजी मात्र कान लावून उभे होते. आयुष्यभर साच्यांचा आवाज ऐकलेला माणूस, आवाजातला दोष त्यांना आधी कळतो. "ठोका नाही," ते म्हणाले.

पाच मिनिटांनी मिस्त्रींनी इंजिन बंद केले आणि तेल काढले. दुधाळ चहा. पुन्हा स्वस्त तेल भरले, या वेळी दहा मिनिटे चालवली, पुन्हा काढले. आता रंग फिकट कोऱ्या चहासारखा. त्यानंतर गाळणी पुन्हा बदलली आणि चांगले तेल भरले. ही गाडी मात्र अर्धा तास चालू ठेवली, इंजिन पुरते तापेपर्यंत. तेल चांगले तापले की कानाकोपऱ्यात उरलेले पाणी वाफ होऊन निघून जाते. शेवटी पट्टी काढून पुसली, पुन्हा बुडवली. पट्टीवर मधाच्या रंगाचे तेल होते, त्यात दुधाचा थेंब नव्हता.

काढलेले तेल मिस्त्रींनी गटारात जाऊ दिले नाही. जुने तेल नेणारा माणूस येतो, त्याच्यासाठी वेगळे पिंप ठेवले होते. पिंप पाहून आम्हाला अक्काच्या जिन्यातली पिंपे आठवली.

हिशेब

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, हिशेब लिहिल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. ट्रॅक्टर १,५०० रुपये. धुण्याचे तेल दोन वेळचे २,१००. शेवटचे चांगले तेल १,२००. दोन तेलगाळण्या ३००, प्लग ४५०, हवेची गाळणी २५०, पॅकिंगे ६००. गिअरबॉक्स आणि हौसिंगचे तेल ९००. सेल्फ-डायनामोचे काम १,५००. मजुरी ४,५००. एकूण १३,३०० रुपये. म्हणजे दोन हप्ते आणि वर ९०० रुपये. मिस्त्रींनी मजुरीत सूट दिली नाही आणि आम्ही मागितलीही नाही. दोन दिवस चिखलात हात घालणाऱ्याच्या मजुरीत घासाघीस करायची आणि सभेत श्रमाच्या मोलावर बोलायचे, हे आम्हाला जमत नाही. पैसे तिघा भावंडांनी वाटून घेतले.

विम्याचे विचाराल तर गाडीचा विमा फक्त त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा होता. कायद्याने तेवढा सक्तीचा आहे, पण त्यातून पुराचे काही मिळत नाही. ज्यांचा पूर्ण विमा आहे त्यांनीही हे जाणून घ्यावे की पाण्यात बुडालेली गाडी चालू करण्याचा प्रयत्न केल्याने इंजिन गेले तर कंपन्या बहुधा ते नुकसान नाकारतात. इंजिनासाठी वेगळे जादा संरक्षण घेतले असेल तरच आधार. म्हणून गाडी जशी सापडली तशी तिचे फोटो काढावेत, विमा कंपनीला कळवावे आणि मगच हलवावी.

आमच्या वाचकांपैकी थोड्यांकडेच चारचाकी असेल. पण रिक्षा आहे, मोटारसायकल आहे, कोणाचा टेम्पो आहे, आणि घराची चूल त्यावर चालते. त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे:

१. पाण्यात बुडालेले वाहन किल्लीने, किकने किंवा धक्क्याने चालू करू नये. बॅटरीची वायर काढावी.
२. तेलाची पट्टी पाहावी. तेल खुणेच्या वर चढले असेल किंवा दुधाळ दिसले तर आत पाणी आहे.
३. मिस्त्रीकडे नेण्यास फार दिवस लावू नयेत. आतला गंज वाट पाहत नाही.
४. एकदा तेल बदलून भागत नाही. तेल स्वच्छ निघेपर्यंत बदलावे आणि गाळणी प्रत्येक वेळी पाहावी. गाळ असेल तर चेंबर उतरवूनच धुवावे.
५. गिअरबॉक्सचे तेल, पेट्रोलची टाकी आणि ब्रेक विसरू नयेत.
६. पूर नसतानाही तेल दुधाळ झाले आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल तर इंजिनाचे आतले पॅकिंग गेलेले असू शकते. तेव्हा गाडी थांबवावी, पाणी घालत चालवू नये.
७. मिस्त्रीला खरे सांगावे.

शेवटची गोष्ट सगळ्यांत स्वस्त आहे आणि तीच माणसाला जड जाते.

सोमवारी संध्याकाळी आम्ही त्याच गाडीतून गावी गेलो. वडकबाळच्या पुलावर भाच्याने वेग कमी केला. सीना आता खाली गेली होती, पण काठच्या बाभळींवर, माणसाच्या हाताच्याही वर, चिखलाची रेघ दिसत होती. गावात घरोघरी अंथरुणे वाळत पडली होती. आणलेल्या वह्या आम्ही शाळेत गुरुजींकडे दिल्या.

अक्काने भिजलेल्या चादरी आणि टॉवेल तीन-तीन पाण्यांतून काढून दोरीवर घातले होते. आमच्या सहचारिणींनी तिला विचारले, "यांचं काय करणार?" अक्का म्हणाली, "धुऊन, घडी घालून विकणार. पण पुरातला माल म्हणून सांगून, निम्म्या भावात. न सांगता विकला तर पुढच्या बाजाराला गिऱ्हाईक तोंड बघणार नाही."

भाचा जवळच उभा होता. तो काही बोलला नाही. आम्ही पुण्याला परतल्यावर मात्र त्याचा रोज सकाळी एक फोन येऊ लागला. बाजाराला निघण्याआधी तो पट्टी काढून, पुसून, पुन्हा बुडवून पाहतो आणि आम्हाला सांगतो, "मामा, तेल स्वच्छ आहे." पहिल्या आठवड्यात आम्ही म्हणालो, "अरे, रोज कशाला फोन करतोस?" तो म्हणाला, "असू द्या. सांगितलेलं बरं."